चुकीला इस्त्री

'लाटेक' म्हणायचं, 'लेटेक' म्हणायचं की 'लॅटेक्स' म्हणायचं, यावर गणिताच्या प्राध्यापकांचा अर्धा दिवस सहज जातो. गणिताचा माणूस व्याख्या पक्की झाल्याशिवाय दुसऱ्या ओळीवर पाऊल ठेवत नाही. जळगावच्या एका कॉलेजात तर फाटकावरचा 'लॅटेक्स कार्यशाळा' हा फलक वाचून दोन गृहस्थ गादीचे भाव विचारायला आत आले होते. वाचकांची तशी फसगत नको म्हणून आधीच सांगतो, रबराशी याचा काही संबंध नाही. गणिताचा मजकूर छापण्याजोगा मांडून देणारा हा संगणकाचा एक प्रोग्रॅम आहे. मूळचं नाव 'टेक'. त्यातलं शेवटचं अक्षर ग्रीक, आणि ते घसा खाकरून काढायचं असतं. मी हे सांगितल्याबरोबर सगळा वर्ग एकदम खाकरला. मे महिना होता, बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन होतं, आणि पंधरा-वीस विद्वान माणसं एका सुरात खाकरत होती. शिपाई पाण्याचा जग घेऊन धावत आला.

शिक्षकाला शिकवणं हे आचाऱ्याला जेवायला बोलावण्यासारखं असतं. तो जेवत नाही, चव घेतो. शिवाय या मंडळींनी आयुष्यभर प्रश्न विचारलेले असतात, त्यामुळे उत्तर देण्याची सवय त्यांना राहिलेली नसते. पहिला प्रश्न ठरलेला: "इंटिग्रलचं बटण कुठलं?" बटण नसतंच. उलटी तिरकी रेघ मारायची आणि तिच्या पुढे त्या चिन्हाचं नाव लिहायचं. मग पडद्यावर काय दिसतं? नावच दिसतं. चिन्ह बघायचं असेल तर सगळं लिहून झाल्यावर यंत्राला आज्ञा द्यायची आणि वाट बघायची.

"म्हणजे लिहिताना जे दिसतं ते खरं नव्हे?" एका सरांनी विचारलं.

"नव्हे."

"आणि जे खरं आहे ते लिहिताना दिसत नाही?"

"नाही."

"मग हे अमेरिकनांनी काढलेलं नाही. हे शंकराचार्यांचं आहे."

अमेरिकनांचं आहे, याचा पुरावा पुढच्याच धड्यात मिळतो. ओळीतल्या सूत्राच्या दोन्ही अंगांना डॉलरचं चिन्ह घालावं लागतं. गणित छापणं पूर्वीपासून महागडं काम मानलं जाई, म्हणून कर्त्यानं मुद्दाम पैशाचं चिन्ह निवडलं. एखादा डॉलर विसरला तर यंत्र कळवतं, 'मिसिंग डॉलर इन्सर्टेड'. म्हणजे तुमचा डॉलर हरवला होता, तो मी पदरचा घातला आहे. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत असे दोन प्राध्यापक त्या वर्गात होते. ते एकमेकांकडे बघून म्हणाले, "आमच्याकडे असं अजून झालेलं नाही."

यंत्राची बाकीची भाषा मात्र इतकी दानशूर नाही. ओळीतल्या शब्दांमधली जागा फार ताणली गेली की ते त्या ओळीला 'बॅडनेस' देतं, म्हणजे वाईटपणाचे गुण. एका विभागप्रमुखांनी चांगला निरोगी, निर्व्यसनी परिच्छेद लिहिला होता. यंत्रानं कळवलं, बॅडनेस १००००. "दहापैकी?" त्यांनी हताशपणे विचारलं. परिच्छेदाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानाच्या माथ्यावर गेली तर छपाईच्या इंग्रजी परिभाषेत तिला 'विधवा' म्हणतात, आणि तिच्यापायी त्या पानाला दंड बसतो. धोंडो केशव कर्वे हे फर्ग्युसन कॉलेजात गणितच शिकवत. त्यांच्यापुढे ही परिभाषा काढायची माझी तरी छाती झाली नसती.

या सगळ्यात खरी तारांबळ उडते ती क्रम उलटा झाल्यामुळे. सर अडकतात, कपाळाला घाम येतो, आणि मागच्या बाकावरून एम.एस्सी.ची एखादी मुलगी हळूच म्हणते, "सर, महिरपी कंस उघडलाय, मिटवला नाही." तीस वर्षं ज्यांनी मुलांचे कंस मिटवले त्यांना हे ऐकून घ्यावं लागतं. काही जण मोठ्या मनानं ऐकतात. काही जण चहाला जातात. आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी स्पोकन ट्युटोरियल नावाचा प्रकल्प उभा केला, त्यात लाटेकचेही धडे आहेत, दहाएक मिनिटांचे, मराठीतूनसुद्धा. अर्ध्या पडद्यावर धडा चालू ठेवायचा, अर्ध्यावर आपण करून बघायचं. त्याचा मोठा गुण असा की चुकताना बघायला कोणी नसतं. साठीकडे झुकलेल्या प्राध्यापकाला यापरतं काय हवं!

इथवर सगळं हसण्यावारी होतं. जळगावचं शिबिर आटोपून मी एरंडोल-पारोळ्यावरून एस.टी.नं धुळ्याला गेलो, आणि तिथे प्रकरण गंभीर झालं.

धुळे हे गणितवाल्यांना मानवणारं गाव आहे. जुन्या गावात गल्ल्यांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. छापील सूत्रांना असतात तसे. 'सूत्र चारवरून स्पष्ट आहे की' म्हणावं तसं तिथे 'चार नंबर गल्लीतून सरळ या' म्हणतात. शिबिराला एक निवृत्तीला आलेले सर होते. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. पांढरा शर्ट, खिशाला शाईचं पेन, आणि पेनाच्या खाली वर्षानुवर्षांचा एक निळा डाग. पहिला दिवसभर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी माझा नेहमीचा प्रयोग केला. दोन कागद वाटले. एकावर एक सिद्धता लाटेकनं सजवून छापलेली: समास ऐसपैस, सूत्रं मधोमध, उजवीकडे क्रमांक, शेवटी सिद्धता संपल्याची ती छोटी चौकट. दुसऱ्यावर दुसरी सिद्धता हातानं खरडलेली, वर त्या कागदाची झेरॉक्स, तीही शाई संपत आलेल्या यंत्रावरची. दहा मिनिटं द्यायची आणि दोन्हींना गुण मागायचे. गंमत अशी, की खरडलेली सिद्धता बरोबर असते आणि छापलेली चूक. छापलेलीत एके ठिकाणी शून्यानं भागलेलं असतं, पण ते शून्य एका ग्रीक अक्षराच्या पदराआड उभं असतं.

गुणांचे आकडे सांगत नाही. माणसं मोठी आहेत आणि त्यांना अजून पेपर तपासायचे आहेत. एवढंच सांगतो, की इस्त्रीच्या कपड्यांना आपल्याकडे अजून मान आहे.

शून्य सापडलं ते फक्त त्या सरांना. कसं सापडलं म्हणून विचारलं, तर त्यांनी वही पुढे केली. दहा मिनिटं ते छापील सिद्धता वाचत नव्हते, पेनानं उतरवून घेत होते. "छापलेलं मी वाचत नाही. उतरवतो. पाचव्या ओळीवर हात थांबला." मग चष्मा काढून म्हणाले, "प्रयोग चांगला आहे तुमचा. पण मला एक सांगा, चुकीला एवढे चांगले कपडे घालायची विद्या तुम्ही गावोगाव शिकवत फिरता, ती कशासाठी?"

शेजारचा एक तरुण प्राध्यापक अहिराणीत पुटपुटला, "आते हाई काय शे?" पण सर थट्टा करत नव्हते. त्यांचं म्हणणं असं होतं: "फळ्यावर मी अडखळलो की खडू थांबतो. खडू थांबला की पोरं मान वर करतात, आणि मान वर केलेल्या पोरातलं एखादं विचारतं, सर, असं का? माझ्या अक्षरात माझी शंका दिसते. जिथे मला खात्री नाही तिथे ओळ बारीक होते, काटाकाट होते. तुमच्या यंत्रात माझी खात्री आणि माझी शंका एकाच टायपात येतात. पोरगं विचारणार कसं?"

यावर तयार उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते इतकं तयार होतं की माझं मलाच पटेना. 'सर, साधन निर्दोष असतं, वापरणारा दोषी असतो' हे वाक्य सुऱ्यांपासून साखर कारखान्यांपर्यंत कशालाही लागू पडतं, म्हणून ते न वापरलेलं बरं. प्रश्न खरा होता. सुबक मांडणी हा प्रामाणिकपणाचा भाग आहे, की प्रामाणिकपणाची जागा घेणारा मुनीम?

धुळ्यात बसून या प्रश्नाचा विचार करताना रामदासांना टाळता येत नाही. समर्थ वाग्देवता मंदिरात त्यांच्या हातचं वाल्मीकी रामायण जपून ठेवलेलं आहे. आणि दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. जीव, जगत, माया, ब्रह्म यांचा निकाल लावल्यावर हा संन्यासी आपल्याला समास किती सोडावा ते सांगतो. अक्षर वाटोळं आणि मोकळं हवं, शाई सारखी हवी, वरच्या ओळीच्या वेलांट्या-उकार खालच्या ओळीला भिडता कामा नयेत, ग्रंथाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर एकाच लेखणीतून उतरल्यासारखं दिसावं, आणि फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते वाचवत नाही. लाटेकच्या पहिल्या दिवसाचा अभ्यासक्रम यापेक्षा वेगळा नाही. त्यातलं म्हाताऱ्यांबद्दलचं कलम मला सगळ्यात आवडतं. तिथे सौंदर्याचा मुद्दा सुटतो आणि दुसऱ्याच्या डोळ्यांचा मुद्दा येतो.

सर म्हणाले, "रामदास हातानं लिहीत होते."

हेही खरंच. हातानं लिहिणं आणि छापणं यांच्या मधे पूर्वी एक माणूस असे, कंपोझिटर. सरांनी तरुणपणी एका पुस्तिकेची मुद्रितं तपासायला छापखान्याच्या चकरा मारल्या होत्या. खिळे जुळवणारा तो माणूस चौथीपलीकडे शिकलेला नव्हता. अपूर्णांकाची रेघ म्हणून शिशाची पट्टी कापून घालायचा, घातांकाचा बारीक दोन चिमट्यानं बसवायचा, आणि एकदा म्हणाला, "सर, या ओळीत तीन कंस उघडतात नि दोनच मिटतात. मला कळत नाही, पण असं कुठे नव्हतं." त्याला बीजगणित येत नव्हतं, पण डोळा होता, आणि विचारायची लाज नव्हती. यंत्रही कंस मोजतं, त्याच्याहून चांगलं मोजतं. मात्र 'असं कुठे नव्हतं' हे ते म्हणत नाही. पुढे टंकलेखित प्रबंधांच्या काळात टंकलेखक सिग्मासाठी आणि इंटिग्रलसाठी मोकळी जागा सोडत आणि प्राध्यापक ती शाईनं भरत. म्हणजे इंग्रजी यंत्राचं आणि गणित हाताचं. आता ना कंपोझिटर, ना मोकळी जागा. सगळं प्राध्यापकांच्या गळ्यात, किंवा खरं सांगायचं तर त्यांच्या संशोधक विद्यार्थ्याच्या गळ्यात. कित्येक शोधनिबंध असे बघितले आहेत की ज्यातला प्रत्येक डॉलर मुलानं घातला आणि वरचं नाव सरांचं. या भागातलं विद्यापीठ १९९० साली जळगावला सुरू झालं आणि २०१८ साली त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं गेलं. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावानं उतरवून घेतल्या, १९५२ साली पुस्तक निघालं, आणि वर नाव आईचं लागलं, लिहून घेणाऱ्यांचं नाही. दिसायला प्रकार सारखाच. पण एकीकडे हात नम्र होता, दुसरीकडे नाव आळशी आहे. असो. हा विषय चहाच्या वेळेचा आहे.

सरांना मी मग टेकच्या कर्त्याची गोष्ट सांगितली. डोनाल्ड क्नूथ, स्टॅनफर्डचे प्राध्यापक. संगणकाच्या आज्ञावलींवर सात खंडांचा ग्रंथ लिहायला घेतलेला. तीन खंड १९७३ पर्यंत बाहेर आले. १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं हातात आली ती नव्या पद्धतीच्या, फोटोवरच्या छपाईची. जुने खिळे गेले होते आणि पान बघवत नव्हतं. क्नूथ यांनी ठरवलं, ग्रंथ बाजूला ठेवू आणि अक्षरं जुळवणारा प्रोग्रॅम आपणच लिहू. वर्षभरात उरकेल असा अंदाज होता. दहाएक वर्षं लागली. अक्षरांची वळणंही त्यांनीच गणितानं आखली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी नंतर त्यावर सोयीचा डोलारा उभारला, तो हा लाटेक. दोन्ही फुकट वाटले गेले. आणि ग्रंथाच्या चौथ्या खंडाचा पहिला भाग आला तो २०११ साली.

मला वाटलं, सर विरघळतील. सरांनी हिशेब केला. "म्हणजे समास सारखे करण्यापायी गड्यानं दहा वर्षं घालवली. तेवढ्यात किती प्रमेयं झाली असती?"

"सांगता येत नाही."

"आपल्याकडे भास्कराचार्यांनी लीलावती श्लोकांत लिहिली. घातांक नाही, कंस नाही, समास नाही. पान डोक्यात. चाळीसगावजवळ पाटणला शिलालेख आहे, १२०७ सालचा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढला, त्याचा. गणित शिकवायची सोय केली म्हणून दगडात कोरलं! आणि दगडात खोडता येत नाही. कोरणारा कोरण्याआधी दहादा विचार करत असणार."

खानदेशातल्या माणसाशी भास्कराचार्यांवरून वाद घालू नये. मी घातला नाही. फक्त क्नूथ यांची राहिलेली गोष्ट सांगितली. त्यांच्या पुस्तकात जो कोणी पहिल्यांदा चूक दाखवील त्याला ते स्वतःच्या सहीचा दोन डॉलर छप्पन्न सेंटचा धनादेश पाठवत. छप्पन्न का, तर २५६ सेंट म्हणजे दोनाचा आठवा घात. गणितवाल्याला खिशातही घातांक लागतो. लोक ते धनादेश वटवत नसत, चौकटीत घालून भिंतीवर टांगत. २००८ सालापासून बँकेच्या भानगडी नकोत म्हणून ते एका काल्पनिक बेटाच्या बँकेतली ठेवपावती पाठवू लागले, तरी लोक चुका शोधतच राहिले. टेकच्या नव्या आवृत्तीचे क्रमांकही पायकडे सरकत जातात: २०२१ सालची ३.१४१५९२६५३. म्हणजे पूर्ण झालं असा दावा कधीच नाही, दर वेळी एक अंक जवळ.

सर थोडा वेळ गप्प बसले. मग मला जे म्हणायचं होतं ते त्यांनीच निम्मं म्हटलं. "म्हणजे पान स्वच्छ केलं, आणि मग लोकांना बोलावलं, की या, डाग दाखवा."

"आणि पैसे देतो."

"हं."

मला तरी यातलं एवढंच खात्रीनं म्हणता येतं. गबाळ्या पानावर चूक सहज लपते, गर्दीत पाकीटमार लपतो तशी. स्वच्छ पानावर तिला उभं राहायला आडोसा नसतो, पण त्यासाठी कोणीतरी बघायला हवं, आणि बघणाऱ्याला आपण तसं सांगितलेलं हवं. इस्त्री करून वर 'हात लावू नका' म्हणणारे आणि इस्त्री करून 'बघा बरं कुठे सुरकुती राहिली का' म्हणणारे, दोघांचा धोबी एकच असतो. सरांचा खडूबद्दलचा मुद्दा मात्र यानं पुरता सुटत नाही. फळ्यावर शंका आपोआप दिसत होती, छापील पानावर ती मुद्दाम, शब्दांत लिहावी लागते: 'ही पायरी मला अजून नीट कळलेली नाही.' असं वाक्य मी आजवर फार थोड्या पुस्तकांत वाचलं आहे, आणि क्रमिक पुस्तकात तर एकदाही नाही. लाटेकमध्ये त्यासाठी आज्ञा नाही. साध्या अक्षरांत लिहिता येतं, डॉलरही लागत नाही.

सरांनी पुढे वर्षभर खपून आपल्या चाळीस वर्षांच्या वह्यांतली निवडक उदाहरणं स्वतः टाइप केली, मराठीतून, एक्सच्या जागी 'क्ष' घालून. मध्यरात्री मला फोन यायचे. "क्षचा वर्ग ओळीच्या डोक्यात घुसतोय." "महिरपी कंस मोजा, सर." "मोजले. चौदा उघडले, तेरा मिटले. ठेवतो." तीन ठिकाणी त्यांनी तळटीप घातली आहे, की हे उत्तर मला दोन रीतींनी वेगवेगळं आलं होतं, वाचणाऱ्यानं पडताळून बघावं. विभागातल्या एका तरुण सहकाऱ्यानं त्या टिपा काढून टाकायला सुचवलं, बरं दिसत नाही म्हणून. टिपा राहिल्या.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर एक सूचना आहे, की चूक दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला लेखकाकडून एक प्लेट शेवभाजी, भाकरीसकट. डॉलर परवडत नाहीत. परवाच्या फोनप्रमाणे सात प्लेटी झाल्या आहेत. आठवीबद्दल वाद चालू आहे. पोरगं म्हणतं ती चूक गणिताची आहे, सर म्हणतात छपाईची, आणि छपाईची असली तर भाजी कोणाच्या खात्यावर मांडायची, असं त्यांनी मला विचारलं आहे.